त्रेचाळीस मीटर

कागदावरचा समुद्र चौकोनी आहे.
चार कोपरे, प्रत्येकाला अंश, मिनिटं, सेकंद,
आणि खाली जांभळा शिक्का, थोडा फरफटलेला.
सुलावेसीच्या पूर्व किनाऱ्यावर, लेरोच्या आखातात
हर्तिनी तो चौकोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून
होडीत बसली आहे,
भिजू नये म्हणून मांडीखाली दाबून.

होडी माप्पातांची.
भाडं सरकार देतं, तीन महिन्यांनी.
तरी ते येतात.

धक्का आधी ऐकू येतो:
पट्ट्यावरून सरकणारी लाल माती
बार्जच्या पोटात पडते, धप्प,
थांबते, पुन्हा धप्प.
मग खांब दिसतात. ती बोटाने मोजते.
परवान्यात चोवीस जोड्या.
पाण्यात एकतीस.

यंत्र आभाळाला विचारतं, मी कुठे आहे?
अकरा उपग्रह, कधी नव्हे ते एकमताने, सांगतात:
चौकोनाच्या बाहेर.
त्रेचाळीस मीटर.

व्यवस्थापक तुम्बेलाका कॉफी मागवतात, तळलेली केळी मागवतात.
"बाई, भरती-ओहोटीच्या जागेत
कुठली धरायची हद्द?"
मग, "दुरुस्तीचा अर्ज केलाय. जकार्तात आहे."
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
केळं ती खात नाही, नियम आहे.
कॉफी पिते. कॉफीबद्दल नियम मोघम आहे.

शेतात कुणी बांध कोरला तर कोरलेला दिसतो.
फाळाला शेजाऱ्याची माती चिकटलेली असते,
भाऊ भावाला कोर्टाची पायरी दाखवतो.
पाणी कोरलं की पाणी लगेच भरून येतं.
पंचनामा करायला गेलात
तर ते तुमचाच चेहरा हलवून दाखवतं.
समुद्राचा सातबारा काढायचा
तर कुळाच्या रकान्यात कोणाला लिहायचं?
बांगड्याला?

"इथंच माझा सेरो होता," माप्पाता म्हणतात.
बांबूचं कुंपण.
मासे आत शिरायचे आणि वाट विसरायचे.
इथंच म्हणजे नेमकं कुठे, ती विचारते,
तिला सवय आहे नेमकं विचारायची.
ते वल्हं उचलून दाखवतात:
ती टेकडी मशिदीच्या घुमटाच्या बरोब्बर मागे जायला हवी,
आणि या बाजूला, बेटावरचं वाकडं झाड
खडकाच्या उजव्या खांद्यावर.
दोन रेषा जिथं कापतील तिथं नांगर टाकायचा.
वडलांनी तिथंच टाकला. त्यांच्या वडलांनीही.
"मग आता सापडत नाही का जागा?"
"टेकडी कुठंय?"

ती पाहते.
घुमट आहे. घुमटामागे
लाल, खरवडलेलं, बसकं काहीतरी आहे.
आणि पट्टा चालू आहे.
धप्प.
थांबते.
धप्प.

अहवालाच्या नमुन्यात या मापाला जागा नाही.
लांबी आहे, रुंदी आहे, क्षेत्रफळ आहे,
उल्लंघनाचा प्रकार: किरकोळ, मध्यम, गंभीर.
तिने "इतर" समोर पेन टेकवलं,
शाईचा ठिपका मोठा होऊ दिला,
आणि पान उलटलं.

फलक लावायचा होता पंचविसाव्या खांबाला.
"या क्षेत्रातील काम थांबवण्यात आले आहे."
कार्यालयाने दिलेले स्क्रू आखूड निघाले.
माप्पातांनी फळीखालून नायलॉनची दोरी काढली,
स्वतःच्या जाळ्याची, दोन ठिकाणी सांधलेली,
आणि अशी गाठ मारली
की सोडवायची तर कापावीच लागेल.

परतताना मध्येच त्यांनी इंजिन बंद केलं.
होडी डोलत राहिली.
हर्तिनीला वाटलं, तेल संपलं.
ते मागे वळून एक डोळा मिटून बघत होते:
लाल अक्षरांचा फलक, त्याच्या मागे घुमट.
मग मान वळवून झाड, खडक.
थोडं डावीकडे. अजून थोडं.

"खूण बरी आहे," म्हणाले.
"टिकली तर."